तिसरा खुंटा

पहाटे साडेचारच्या सुमारास कोठ्यातून पहिला आवाज येतो तो दाव्याचा. बैल उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, मग पुढचे. तेवढ्यात दावे खुंट्याला घासते आणि लाकडावर दोराचा कोरडा आवाज होतो. त्या आवाजाला मामा उठतात. घरात घड्याळ आहे, मोबाइल आहे, पण गजराने उठलेले मामा मी कधी पाहिले नाहीत. कंदील जाऊन बल्ब आला, बल्ब जाऊन एलईडी आला. पहाटेची कोठ्याकडची वाट मात्र तीच राहिली. आत शिरल्यावर आधी तिन्ही पाठींवरून हात फिरतो. लाखा, हिरा आणि म्हातारा चंद्या.

लाखा-हिरा ही चालती जोडी. चंद्या चार वर्षांपूर्वी औतातून सुटला. त्याचा डावा गुडघा धरला आहे आणि दात झिजले आहेत. तरी तिसरा खुंटा त्याचाच, आणि तनसाचा पहिला पेंढा पडतो तो त्याच्या गव्हाणीत. ‘‘त्याले खायाले येळ लागते,’’ मामा सांगतात. पलीकडच्या भिंतीला कपिला गाय आणि तिचा दोनदाती गोऱ्हा. पाच जनावरांचे हे घर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधपासून सायकलच्या अंतरावर आहे.

मी इथे लहानपणापासून दिवाळीला येतो. दिवाळीतला कोठा म्हणजे शिंगांना गेरू, गळ्यात घुंगरमाळा आणि ताटात खिचडी, एवढेच मला ठाऊक होते. या वेळी ठरवून वर्षभर येत राहिलो. चैत्रात आलो, मृगात आलो, पोळ्याला आलो, कापणीला आलो. एक साधा प्रश्न मनात होता. धानाच्या या शेतात बैलजोडी खरी राबते ती वर्षातून दोन-अडीच महिने. उरलेले सगळे दिवस माणूस तिच्यासाठी राबतो. हा व्यवहार इतकी वर्षे कसा टिकला, आणि आता तो का मोडतो आहे?

घोडा इथे का नाही

काम करणारे जनावर म्हटले की जगात पुष्कळ ठिकाणी घोडा डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्रातही घोड्यांचा मुलूख आहे. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजली. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. पुण्याजवळ १९४६ मध्ये सुरू झालेल्या पूनावाला स्टड फार्मवर शर्यतीची घोडी विते तेव्हा माणसे रात्र-रात्र तबेल्यात जागतात. अकरा महिन्यांची गाभण घोडी, खरारा, नाल, दाणा, लीद या सगळ्याची कडक शिस्त तिथे असते.

गोंदियाच्या धानपट्टीत मात्र घोड्याला कामच नाही. इथे सरासरी १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि धानाची बांधी म्हणजे गुडघाभर चिखल. घोड्याचे खूर अखंड असते. चिखलात ते रुतते आणि उचलताना खालून हवा न मिळाल्याने ओढले जाते. बैलाचे खूर दुभंगलेले असते. पाय टाकताना ते फाकते, उचलताना मिटते, आणि चिखल त्याला सोडून देतो. हल्याचे, म्हणजे रेड्याचे, खूर तर आणखी रुंद आणि सांधे सैल. म्हणूनच झाडीपट्टीत खोल बांध्यांमध्ये हल्यांची जोडी जुंपायची रीत होती.

दुसरे कारण चाऱ्याचे. धान उभे असतानाच त्यात फेकून पेरली जाणारी लाखोळी हे इथले हक्काचे दुसरे पीक. तिच्या कुटारावर इथली ढोरे पोसली जातात. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव लाखोळीतले विष बऱ्याच अंशी पचवून टाकतात. घोड्याला ती सोय नाही. लाखोळी सतत खाल्ली तर त्याचे मागचे पाय लुळे पडतात, घशाचे स्नायू निकामी होऊन श्वासाला घरघर लागते.

तरीही घोडा या गावात येतो, एका कुपीतून. रोवणीच्या दिवसांत बांधीत, धुऱ्यावर, तनसाच्या ढिगात नाग, मण्यार, घोणस असतातच. सर्पदंशावरची लस घोड्याला थोडे थोडे विष टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून बनवतात. हाफकिनसारख्या संस्थांनी त्यासाठी घोडे पाळले. पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडेही हाफकिनला दिले जात, आणि त्यातूनच पुढे १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुण्या-मुंबईकडच्या तबेल्यात कुणी पहाटे उठून घोड्याला दाणा घातला, म्हणून इकडे आरोग्य केंद्रात एखादी रोवणी करणारी बाई वाचते. ही गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हंजे घोड्याचंबी आपल्यावर देनं हाये.’’

एका दिवसाचे काम

दिवस तनसापासून सुरू होतो. तनस म्हणजे धानाचा पेंढा. रात्रीचे उरलेले ओढून काढायचे, गव्हाण हाताने पुसायची, ओले-बुरशीचे वेगळे टाकायचे आणि नवे घालायचे. मग शेण. एक बैल दिवसाला दहा ते पंधरा किलो शेण टाकतो. मामी टोपलीने ते खताच्या खड्ड्यावर नेतात. त्यातले थोडे गोवऱ्यांसाठी, थोडे सडा-सारवणासाठी बाजूला ठेवतात. आठवड्यातून एकदा कोठ्याची जमीन मुरमाने सारखी करायची, कारण मुताची ओल राहिली की खूर सडते.

शेण उचलतानाच मामी तब्येत पाहतात. फार पातळ असले तर पोट बिघडले, गोळ्या-गोळ्यांचे असले तर पाणी कमी पडले. बसलेले जनावर रवंथ करत नसेल तर मामांना हाक जाते. निरोगी बैल दिवसातले सात-आठ तास रवंथ करतो. रवंथ थांबणे ही दुखण्याची पहिली वर्दी. आजी म्हणते, ‘‘मुकं ढोर हाये बाबू, त्याचं पोट आपल्या तोंडात.’’ म्हणजे त्याच्या वतीने बोलायचे ते आपण.

यानंतर पाणी. हिवाळ्यात तीस लिटर, उन्हाळ्यात पन्नासच्या आसपास, हे एका बैलाचे. सकाळी विहिरीवर, दुपारी बोडीवर. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला असलेले छोटे तळे. ‘‘ढोराइले पाजल्याबिगर चा गोड लागत नाही,’’ असे मामा म्हणतात आणि त्यांचा चहा खरोखरच सात वाजता होतो.

आठच्या सुमारास गायकी येतो. गावातली गाई-वासरे, कामाला न जुंपलेले बैल, सगळे आखरावर जमतात. आखर म्हणजे गावाबाहेरची ढोरे गोळा होण्याची मोकळी जागा. तिथून गोहन, म्हणजे गावच्या ढोरांचा कळप, रानाकडे निघते. गायकी बहुधा गोवारी समाजाचा. पिढ्यान्‌पिढ्या गाव त्याला ढोरामागे ठरलेले धान देत आले. कुणाची गाय कधी फळली, कुणाचे वासरू लंगडते, कोणत्या बरडीवर गवत उरले, हे सारे त्याच्या डोक्यात असते. संध्याकाळी धूळ उडवत गोहन परतते. मग कोठ्याच्या तोंडाशी कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर, गोचीड वेचणे, खुरात काटा नाही ना ते पाहणे. रात्री नऊला शेवटचा पेंढा आणि दाव्याच्या गाठींवरून शेवटचा हात.

मामांनी हे एकही दिवस चुकवलेले नाही. लग्नाला गेले तर रात्री परत येतात. मामी गेली अनेक वर्षे माहेरी दोन रात्री सलग राहिलेल्या नाहीत.

उन्हाळ्याची तयारी

चैत्र-वैशाखात शेत रिकामे दिसते, पण बैलगड्याला तेव्हाच खूप काम असते. इथे ओझ्याची ती बंडी. माणसांना पाहुण्यागावी न्यायची ती हलकी रेंगी किंवा खासर. बंडीच्या चाकाची धाव सैल झाली की लोहाराकडे न्यायची, आसाला वंगण घालायचे, जू तासून गुळगुळीत करायचे. जुवाला जरा जरी खरबरीतपणा राहिला तर जुलैत बैलाच्या खांद्याला जखम होते. मामा जुवावरून स्वतःचा गाल फिरवून पाहतात. तळहाताला घट्टे पडलेत, त्यांना कळत नाही, असे ते सांगतात.

मग खत. वर्षभर साठलेले शेणखत बंडीने बांध्यांमध्ये ओतायचे. एका बांधीत दहा-बारा ढीग, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. ते पावसाआधी विस्कटायचे. बैल गवताचे खत करतो आणि ते खत स्वतःच शेतात वाहून नेतो, हे दृश्य मी आधीही पाहिले होते. त्याचा हिशेब मात्र या उन्हाळ्यातच डोक्यात शिरला.

मे महिन्यात टोचणी. पाऊस सुरू होण्याआधी घटसर्प आणि फऱ्या यांची लस द्यावीच लागते. घटसर्पात गळा सुजून जनावर एका दिवसात जाते. पाणी साचणाऱ्या मुलखात तो रोग जुना आहे. दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. बोडीच्या काठच्या गोगलगायीतून यकृतकृमी गवतावर येतो आणि चरताना पोटात जातो. जनावर वाळत जाते, गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. धानपट्टीतल्या ढोरांचे हे नेहमीचे दुखणे, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंताचे औषध पाजावे लागते. बांबूच्या नळीतून औषध पाजताना मामा बैलाचे तोंड फार वर उचलत नाहीत. उचलले तर औषध श्वासनळीत जाते. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गावातल्या कोठ्याकोठ्यांतून गाठी आलेल्या गाई उभ्या होत्या. मामींनी त्या महिनाभर कपिलाला वेगळ्या पडवीत बांधले आणि तिचे भांडेही वेगळे ठेवले.

चिखल

मृगाचा पाऊस पडला की पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, एक तुकडा नांगरतात. रोपे तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की रोवणी. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा, हेच बैलाचे खरे दिवस. पहाटे पाचला जू चढते, अकराला उतरते. बांधीत पाणी कोंडून नांगर फिरवायचा, पुन्हा उभा-आडवा फिरवायचा, आणि शेवटी पाटा मारून चिखल लोण्यासारखा करायचा.

चिखल कशासाठी करायचा, हे मला कधी नीट समजले नव्हते. मामांनी बांधीत हात घालून दाखवले. वर वीतभर मऊ लगदा, आणि त्याखाली हाताला लागणारा घट्ट थर. वर्षानुवर्षे नांगराच्या तळाने आणि खुरांनी दाबून झालेला हा थर पाणी खाली मुरू देत नाही. त्याच्यावर धान उभे राहते. वरच्या लगद्यात तण गाडले जाते आणि रोप नुसत्या बोटाने रोवता येते. बैलाच्या पायाने हा तळ हलके हलके दाबला जातो. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर तेच काम चार दिवसांऐवजी तीन तासांत करतो. त्या तीन तासांचे मोल मामांनाही कळते. पाऊस दोनच दिवस पडला आणि बाया रोवणीला मिळाल्या, तर बैल पुरत नाही. मोठ्या बांध्या तेही आता ट्रॅक्टरनेच करतात. कोपऱ्याच्या, तिरक्या, चढावरच्या लहान बांध्या मात्र लाखा-हिऱ्याच्या. तिथे ट्रॅक्टर वळतच नाही, वळला तर धुरा फोडतो.

या सगळ्याला पाणी देणारे तलाव हीसुद्धा इथल्या लोकांचीच करणी. नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचे नाव आजही आदराने घेतात. पूर्व विदर्भातले असे शेकडो तलाव कोहळी आणि इतर मालगुजारांनी बांधले, आणि त्यांच्या पाळीची माती बैलाच्या पाठीमागूनच आली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायची जबाबदारी कुणाची हे धूसर झाले. पूर्वी उन्हाळ्यात तोच गाळ बंड्यांनी शेतात जायचा. तलाव खोल व्हायचा आणि शेत कसदार. त्या फेऱ्याही बैलांबरोबर कमी झाल्या.

रोवणीच्या दिवसांत कोठ्यातले काम दुप्पट. आल्यावर पाय धुवायचे, खुरांच्या बेचक्यातला चिखल काडीने काढायचा, मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवायचे. रात्री मामा हिऱ्याच्या खांद्यावर बोटे दाबून पाहत होते. सूज असेल तर दुसऱ्या दिवशी औत नाही, मग पाऊस कितीही चांगला असो. या वर्षी असा एक दिवस आला. बांधी तयार होती, रोपे पिवळी पडू लागली होती आणि हिऱ्याचा खांदा आला होता. मामा दिवसभर धुऱ्यावर बसून तूर टोचत राहिले.

खांदा शेकायचा दिवस

श्रावणी अमावास्येचा पोळा इथे एक दिवस आधीपासून सुरू होतो. आदल्या संध्याकाळी खांदेशेकणी. जू जिथे टेकते त्या जागेला हळद-लोणी लावायचे आणि पळसाच्या पानाने शेकायचे. मग बैलाच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. लहानपणी मला हा खेळ वाटायचा. रोवणीत हिऱ्याचा सुजलेला खांदा पाहिल्यावर कळले, की सण नेमका तिथेच ठेवला आहे जिथे दुखते आणि नेमका तेव्हाच जेव्हा औत उतरते.

मामींनी लोणी पितळेच्या वाटीत घेतले होते. मामांनी ते दोन बोटांनी उचलून हिऱ्याच्या खांद्यावर ठेवले आणि तळव्याने गोल गोल जिरवत राहिले. खांद्यावरची कातडी तळव्याएवढ्या जागेत काळी, जाड, केस गेलेली. हिरा मान खाली घालून उभा होता. लोणी विरघळले तसा त्याच्या कातडीवरून एक शहारा मानेपासून वशिंडापर्यंत गेला. मग मामा चंद्याकडे गेले. चार वर्षे जू न लागलेल्या त्याच्या खांद्यावर आता केस उगवले आहेत. तरी तेवढेच लोणी, तेवढाच वेळ.

दुसऱ्या दिवशी बैल धुतले, शिंगे तासून रंगवली, मठाठ्या आणि झुली चढल्या. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या झाल्या, तोरण तुटले आणि बैल दारोदारी ओवाळून घ्यायला निघाले. घरी आल्यावर पुरणपोळीचा पहिला घास तिसऱ्या खुंट्यावर गेला. मामा सांगतात, पूर्वी तोरणाखाली रांग शाळेपासून देवळापर्यंत जायची. या वर्षी मी अकरा जोड्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी मारबत गावाबाहेर नेली, रोगराई तिच्याबरोबर जावो म्हणून. आणि पोरांनी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून आणले. ते मात्र तीसच्या वर होते.

तनसाचा हिशेब

दसऱ्यानंतर कापणी. विळ्याने कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळतात, मग भारे, मग पुंजणे. पूर्वी खळ्यावर बैल गोल फिरून धान चुरायचे. आता मळणीयंत्र येते. तरी मामांचे सगळे लक्ष धानाइतकेच तनसाकडे असते. पुढच्या वर्षाचा संसार त्यावर आहे.

त्यांनी मला हिशेब घालून दाखवला. एका बैलाला दिवसाला सहा-सात किलो तनस. तीन बैलांना वर्षाला सात टनांच्या आसपास. एका एकरातून दीड-दोन टन निघते. म्हणजे चार एकरांचे तनस फक्त कोठ्याला. त्यातले एका एकराहून जास्त तनस एकटा चंद्या खातो.

हे तनस तसे निकृष्ट. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, वाळूचा अंश भरपूर, आणि त्यातली ऑक्झलेटे अंगातला चुना धरून ठेवतात. म्हणून जोडीला लाखोळीचे कुटार, जवसाची ढेप, मूठभर मीठ. युरियाची प्रक्रियाही गावात काही जण करतात. शंभर किलो तनसावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लास्टिकखाली तीन आठवडे बंद ठेवायचा. तनस मऊ होते, प्रथिने वाढतात. पण युरिया मोजूनच घ्यावा लागतो. चुकला तर विष. लहान वासरांना असे तनस देतच नाहीत.

सगळ्यात मोठी भीती ओल्या तनसाची. कापणीत पाऊस आला आणि तनस न वाळता रचले गेले, तर त्यात बुरशी धरते. हिवाळ्यात तेच खाऊन म्हशींच्या कानांची टोके, शेपटी, पाय काळे पडून गळू लागतात. याला देगनाला म्हणतात. पाकिस्तानातल्या पंजाबात एका नाल्याच्या काठी तो प्रथम ओळखला गेला म्हणून हे नाव. या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पावसाने दोन दिवस गाठले. मामा-मामींनी पुंजणे फोडून प्रत्येक भारा उन्हात उलटा उभा केला, संध्याकाळी पुन्हा रचला. तीन दिवस हेच. कम्बाइन हार्वेस्टरने कापले असते तर दोन तासांत धान पोत्यात गेले असते आणि तनस चुरा होऊन बांधीत पसरले असते. ज्यांच्याकडे ढोरे उरली नाहीत ते तेच करतात, आणि उरलेल्या चुऱ्याला काडी लावतात. रात्री शिवारात त्या जाळाच्या ओळी दिसतात. मामी त्या दिशेला पाहत नाहीत.

गायगोधन

बलिप्रतिपदेला आमच्या गावात गायगोधन असते. पहाटे गाई धुऊन रंगवतात, ओवाळतात, नव्या तांदळाची खिचडी भरवतात. मग आखरावर शेणाचे गोधन मांडले जाते आणि वाजतगाजत गोहन त्यावरून नेतात. हा दिवस गोवारींचा. ढालीची पूजा होते, डफ आणि बासरी वाजते, आणि वर्षभर ज्यांच्या हाती ढोरे सोपवली त्यांना घरोघरी मान दिला जातो. गाईंच्या खुरांनी तुडवलेले ते शेण उचलून लोक एकमेकांच्या कपाळी लावतात, गळाभेट घेतात. वर्षभराची भांडणे त्या शेणाखाली मिटवायची, अशी रीत आहे.

गावाच्या सणात मध्यभागी असलेला हा समाज गावाबाहेर फार एकटा पडला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर आपली मागणी घेऊन गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. त्यांत बायका आणि मुले फार होती. त्यांचे स्मारक नागपुरात आहे. आमच्या गायकीच्या घरातही त्या दिवसाची आठवण आहे, आणि गायगोधनाच्या दिवशी ढालीपुढे दिवा लावताना म्हातारी माणसे त्या गेलेल्यांसाठी क्षणभर थांबतात. आता गायकी म्हणतो की गोहन निम्म्यावर आले. धान देणारी घरे घटली. त्याचा मुलगा गोंदियाला राईस मिलमध्ये हमालीला जातो. ढोरे गेली की गायकी जातो, गायकी गेला की आखर ओस पडते, आणि आखर ओस पडले की त्यावर कुणाचा तरी प्लॉट पडतो. हे सगळे एकाच दाव्याला बांधलेले आहे.

भाऊबिजेनंतर मंडया सुरू होतात, रात्रभर झाडीपट्टीची नाटके होतात. हिवाळ्यात भंडारा-गोंदियाकडे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पट पुन्हा भरू लागल्यापासून धावत्या जोडीला मोठा भाव येतो. मामा पटाला जातात, पण आपली जोडी नेत नाहीत. नांगराच्या बैलाला पळवू नये, असे त्यांचे मत. बैलाला टोचणी मारून पळवणाऱ्याशी ते बोलत नाहीत.

गावभरचे रिकामे खुंटे

२०१२ च्या पशुगणनेत देशात गोवर्गातले नर ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते ४ कोटी ७४ लाख उरले. त्याच सात वर्षांत घोडे-तट्टांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. औताचे आणि ओझ्याचे जनावर सगळीकडेच सुटत चालले आहे. ट्रॅक्टर आला म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या बाईची कंबर शेण उचलून वाकली, जो माणूस लेकीच्या लग्नातही रात्र काढू शकला नाही, त्यांना सुटका हवीच होती. मामा हे एका वाक्यात सांगतात, ‘‘ट्रॅक्टर घंट्याचा, बैल सालाचा.’’ ट्रॅक्टरला पैसे दिले की संबंध संपला. बैलाला वर्षभर पोसावे लागते.

म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे, हा प्रश्न तर आणखी अवघड. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. त्याआधी म्हातारा बैल विकून त्या पैशांत भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा आणायचा. आता त्याला घेणारा नाही, आणि पोसायला कुणाची मदत नाही. कुणी रात्री दावे सोडून जनावर रानाकडे हाकलतो, आणि नागझिऱ्याच्या वाघाच्या वाटेवर ते सापडते. मामा त्यांना नावे ठेवत नाहीत. चार एकर तनस ज्याच्याकडे नाही, त्याने काय करावे, असे विचारतात.

निघण्याच्या आदल्या रात्री मी त्यांना विचारले, चंद्याचे एक एकर तनस विकले तर दोन पैसे येतील ना. मामांनी तंबाखू मळत कोठ्याकडे पाहिले. ‘‘वरची बांधी, बोडीखालची बांधी, नाल्याकडची तिरकी बांधी,’’ ते एकेक बोट मिटत गेले, ‘‘बारा साल चिखल त्यानं केला. थो अजून त्याच बांधीचं तनस खाते. कोनाचं इकू?’’

सकाळी साडेचारला दाव्याचा आवाज झाला. मी उठून कोठ्याकडे गेलो तेव्हा मामा तिसऱ्या खुंट्याची गाठ सोडत होते. चंद्याच्या उजवीकडे कपिलाचा दोनदाती गोऱ्हा उभा होता, कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. दोघांच्या मानेवर एक जुने हलके जू होते, मागे नांगर नाही, बंडी नाही, काहीच नाही. नव्या गोऱ्ह्याला औताची चाल शिकवायची तर शेजारी म्हातारा लागतो. पोरगा उधळला तरी तो जागचा हलत नाही, आणि किती पावलांवर वळायचे हे त्याला ठाऊक असते.

गोऱ्ह्याने दोनदा झटका दिला. चंद्या धरलेल्या गुडघ्यावर हलकेच टेकत उभा राहिला. मग मामांनी जिभेने टक्क केले आणि चंद्याने पहिले पाऊल टाकले. बोडीच्या वाटेवर खुरांच्या दोन ओळी उमटत गेल्या; एक सारखी, एक वेडीवाकडी. परतताना दुसरी थोडी सरळ झाली होती.